वरचीचं वाण

वरचीच्या हाताला विश्रांती ठाऊक नव्हती आणि माझ्या छताला शांतता. हिंदी मुलखातल्या बूढापारा मोहल्ल्यात, भाड्याच्या घरात आम्ही खाली, ती वर. दोघी विदर्भातल्या, दोघींचे नवरे रेल्वेत, त्यामुळे भांडणाला दुभाषा लागत नसे. तिला नाव होतं, पण मी ते कधी तोंडी येऊ दिलं नाही.

दुपारी चारला माझ्या पुढच्या खोलीत शिकवणीची पोरं जमायची आणि त्याच मुहूर्तावर वर लोखंडी खलबत्ता सुरू व्हायचा. मिरच्या, धने, सुंठ. काही नसलं तर नुसताच, असा माझा आजही संशय आहे. घरात मिक्सर होता, पण तो क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला. विचारलं तर म्हणायची, "मिक्सरचं तिखट जिभेले लागते, खलबत्त्याचं माणसाले."

मला लागत होतं. माझी मुलं बाहेरगावी गेलेली, आणि गल्लीत मला कोणी 'मॅडम' म्हणत असेल तर ते या शिकवणीमुळेच. आता आजी झाल्यावर हसू येतं, पण तेव्हा मी इस्त्रीची साडी नेसून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, स्वतःच्याच घरात चपला घालून शिकवत असे. हळूहळू एकेक आई येऊन सांगू लागली, "मैडम, ऊपर की ठकठक में बच्चे को कुछ समझ नहीं आता." आणि पोर समता कॉलनीच्या क्लासला जाऊ लागलं.

मी वर गेले. भांडताना माझी मराठी फार शुद्ध होते. "आपण जरा वेळ बदलाल का?"

तिनं बत्ता थांबवला नाही. "काहून? हे घर आहे मास्तरीणबाई, दवाखाना नाही. तुये पोट्टे पाढे बोंबलतात, तवा मी आली का खाली?"

गॅलरी धुतली की पाणी नेमकं माझ्या विद्यार्थ्यांच्या चपलांवर. त्यावर तिचं म्हणणं, "पाण्याले खाली जायची सवय आहे, मी काय करू?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सूड उगवायचं ठरवलं. बाकीच्या बायकांना वाण म्हणून स्टीलच्या वाट्या दिल्या. तिच्यासाठी जुन्या लुगड्याची जाडजूड चुंबळ वळली होती, डोक्यावर घागर घेताना खाली ठेवतात तशी. ती सगळ्यांसमोर तिच्या हातात देऊन म्हणाले, "खलबत्त्याखाली ठेवायला." बायका पदराआड हसल्या. मला वाटलं, जिंकले.

तिनं चुंबळ उलटसुलट पाहिली, डोक्यावर ठेवली आणि शेवटची बाई जाईपर्यंत तशीच बसून राहिली. येणाऱ्या प्रत्येकीला सांगे, "मास्तरीणबाईनं मले मुकुट घातला." हसू हळूहळू माझ्याकडे वळलं.

रथसप्तमीच्या आत तिचं हळदीकुंकू झालं. बाकीच्यांना डबे, मला फुलवातींची पुडी. "देवापुढं लाव," म्हणाली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "नाही तं कानात घाल."

मी घरमालकाच्या इतकी मागे लागले की मला पाहून ते स्कूटर वळवू लागले. शेवटी वरच्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं तेव्हा त्यांनी ते वाढवलं नाही. "अब शांति से रहिए, दीदी." मी मारुतीला नारळ फोडला आणि गळालेल्या पोरांच्या आयांना दारोदार सांगत फिरले, आता पाठवा.

ती बीरगावला निघाली. सामान टेम्पोत चढलं, पण खलबत्ता तिनं हमालाला उचलू दिला नाही. डोक्यावर माझी चुंबळ, चुंबळीवर खलबत्ता, अशी ती जिना उतरली आणि माझ्या दारापुढे थांबली. मान जराही हलली नाही.

"तुयं वाण कामी आलं, मास्तरीणबाई. मायंही येईल."

मी दार लावून घेतलं. जरा जोरातच.

वर नोकरीवाले पोट्टे आले. सभ्य, वाकून नमस्कार करणारे, आणि त्यांच्याकडे गुडघ्याएवढा स्पीकर. खलबत्ता निदान मिरची संपली की थांबायचा, हा थांबेना. परतलेली पोरं पाढे सोडून त्याच्या ठेक्यावर नाचू लागली, आणि आया त्यांना पुन्हा घेऊन गेल्या. मी वर गेले, तर एक जण गोड हसून म्हणाला, "आंटी, आवाज कम ही तो है." भांडायलासुद्धा वर धड माणूस उरलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी चार वाजता, रिकाम्या खोलीत, इस्त्रीच्या साडीत, मी देव्हाऱ्यातली ती पुडी सोडली. दोन फुलवाती कानात घातल्या. अगदी बेतानं बसल्या.

मेलीनं माप घेऊनच वळल्या होत्या.