घर नंबरच्या बाया

शहरातल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या कॉलरी मावशीच्या इस्त्रीखालून जायच्या. कोणाची मान किती मळते हे लाँड्रीतल्या बाईला जेवढं ठाऊक, तेवढं त्याच्या बायकोलाही नसतं, असं ती म्हणायची. सभागृहात लढाईच्या बाजूनं छाती ठोकणाऱ्यांचे शर्ट बगलेत किती पिवळे पडतात, हे बघून तिला हसू फुटायचं. मग तिच्या लेकाला बोलावणं आलं आणि ते हसू आटलं. एकुलता एक लेक, गवंडीकाम करणारा, लग्नाला दोन वर्षं झालेली. दुसरी तुकडी शुक्रवारी निघणार होती आणि तो त्यात होता.

ती थांबवायची एकच वाट होती आणि ती अध्यक्षबाईंच्या हातात होती.

अध्यक्षबाई आता कसल्याच अध्यक्ष नव्हत्या. बायकांना मताचा हक्क मिळाला त्या वर्षी त्यांची संघटना मिटली, बाई निवडून सभागृहात गेल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलं. लढाईचा ठराव आला तेव्हा अख्ख्या सभागृहात विरोधात तीनच हात वर झाले, त्यातला एक त्यांचा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कचेरीच्या काचा फुटल्या. दगड मारणाऱ्यांत बायकाही होत्या, ज्यांच्या मतासाठी बाई दोनदा तुरुंगात जाऊन आल्या होत्या त्याच. मताच्या लढ्यापासून त्यांच्याबरोबर असलेली मावशी शिव्या घालत काचा झाडत होती. बाई म्हणाल्या, "नेम बघितलास का? आणि म्हणे बायकांना काही जमत नाही."

तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. पाच हजार मतदारांनी सह्या केल्या तर सभागृहाला त्या विषयावर चर्चा करावीच लागते, आणि चर्चा संपेपर्यंत तुकडी हलवता येत नाही. सह्या गोळा करायच्या. गुरुवारी चारच्या आत अर्ज द्यायचा.

मावशीनं आपल्या गल्ल्या घेतल्या. दिवसभर इस्त्री, संध्याकाळी जिने. पाय सुजायचे. सून म्हणायची, "आई, त्या बाईंना मोटार आहे. तुम्हाला गुडघे तरी धड आहेत का?"

"बाईंची मोटार केव्हाच विकली. आणि गुडघे त्यांचेही गेलेत."

गुरुवारी अकरा वाजता मावशीनं सगळे कागद अर्जखात्यात नेऊन ठेवले. बाई सभागृहात अडकल्या होत्या. एकूण पाच हजार तीनशे दहा सह्या. अर्जखात्यातला कारकून बिचारा सरळ माणूस. त्यानं मतदारयादी उघडली आणि एकेक नाव जुळवायला बसला. मावशीचा गठ्ठा आला तसा तो थांबला. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हे काय आहे, मावशी? 'तिसरी गल्ली, अकरा, वरचा मजला.' ही बाई आहे की पत्ता?"

"बाईच आहे. चार लेकरांची आई आहे."

"मग नाव?"

"ते मी कसं सांगू? तिनं माझ्या भरवशावर दिलंय."

कारकुनानं पुढची पानं उलटली. पाचवी गल्ली, दोन, मागचं दार. आठवी गल्ली, सोळा, जिन्याखाली. नऊशे चार ओळी, आणि एकाही ओळीत नाव नाही.

यात मावशीचं डोकं फिरलं होतं असं नाही. लाँड्रीत कपड्यांच्या गाठोड्यावर कधी नाव नसतं. गल्ली, घर, मजला, एवढी खूण दोऱ्यानं घातली की गाठोडं बरोबर दारात जातं. मताच्या लढ्यात हीच युक्ती तिनं सह्यांना लावली होती. तेव्हा बाईचं नाव कागदावर सापडलं की नवरा पट्टा काढायचा. म्हणून धुणं द्यायला आलेली बाई आपली खूण लिहून जायची, बघणाऱ्याला ती धुण्याची यादी वाटायची आणि कोणाला पत्ता लागायचा नाही. अध्यक्षबाईंनी भर सभेत मावशीची पाठ थोपटली होती. वीस वर्षांत हाताला तेच वळण पडलेलं. या वेळी बायांनी दार किलकिलं करून "नाव नको हं" म्हटलं, तेव्हा छापील कागदावरचा नावाचा रकाना तिला दिसला होता. त्यातच तिनं खूण लिहून घेतली.

"चालत नाही का हे?" तिनं विचारलं.

कारकुनानं नियमाचं पुस्तक तिच्याकडे फिरवलं. यादीतलं पूर्ण नाव, आणि तेही स्वतःच्या हातानं. "तुमच्याच बाईंनी आणलाय हा नियम. पहिल्याच वर्षी. नवरे बायकांच्या नावानं परस्पर सह्या ठोकत होते, म्हणून. मी काही करू शकत नाही, मावशी. चारपर्यंत नावं आणलीत तर मात्र घेतो."

पाचशे चौऱ्याण्णव सह्या कमी होत्या. बाईंच्या कचेरीतल्या मुलींना धाडून उपयोग नव्हता. कोणती खूण कोणाची हे मावशीलाच ठाऊक, आणि दारही तिच्याच आवाजाला उघडायचं.

ती निघाली. तिसऱ्या गल्लीत अकरा नंबरवाली म्हणाली, "मावशी, माझा दीर पोलिसात आहे. विसरलात?" पाचव्या गल्लीतलीचा भाऊ पहिल्या तुकडीत गेला होता, तिनं मावशीला पाणी दिलं, बसवलं, आणि लेखणीला हात लावला नाही. एकीनं आतूनच सांगितलं की घरात कोणी नाही. मावशी म्हणाली, "बरं, कोणी आलं की सांग मी येऊन गेले." एका म्हातारीनं मात्र खुर्ची दारात ओढली, पूर्ण नाव सावकाश काढलं आणि म्हणाली, "मला काय करतील? दात काढतील? ते आधीच गेलेत."

तीन वाजता ती स्वतःच्या घरी पोचली. सून भांडी विसळत होती. पहिल्या कागदावरची पहिली खूण तिची होती.

"नाव लिहावं लागेल गं. नुसती खूण चालत नाही."

सुनेनं हात पुसले नाहीत. "आणि ते नाव वर गेलं, की त्यांना तिथं पहिल्या रांगेत उभं करतील. परवा नळावर बोलत होत्या बायका. ज्यांच्या घरच्यांनी सह्या केल्या त्यांची वेगळी यादी होते म्हणे."

"नळावरच्या गप्पा त्या."

"खोट्या असतील तर द्या ना लिहून, की असं होणार नाही."

मावशी काय लिहून देणार? तिला वाटलं ओरडावं, हाताला धरून लिहून घ्यावं. तो नियम नेमका असल्याच हातांसाठी होता. ती कागद उचलून बाहेर पडली.

चारला पाच मिनिटं असताना तिच्याकडे तीस नावं होती. एकतिसावं तिनं कारकुनाच्या टेबलावर स्वतःचं लिहिलं, कारण स्वतःच्या ओळीतही तिनं आधी खूणच घातली होती. कारकुनानं ते यादीशी जुळवलं, बरोबरची खूण केली, घड्याळ बघितलं आणि वही मिटली.

बाई जिन्यात भेटल्या. सभागृहातून धावत आल्या होत्या, दम लागलेला. मावशीनं सगळं सांगितलं. बाई कठड्याला धरून खाली बसल्या.

"माझीच चूक," मावशी म्हणाली.

"तुझे कागद मी एकदा तरी उघडून बघायला हवे होते. नुसता आकडा विचारत राहिले."

"नियम तुमचा आहे ना? मग तुम्हीच मोडा."

"मोडता आला असता तरी मोडला नसता," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी मला एक प्रश्न विचारता येईल. एकच. उत्तर द्यायचं की नाही ते त्यांच्या मर्जीवर."

"गाडी किती वाजता आहे माहितीये ना?"

"सातला. सभागृह दहाला भरतं."

मावशी घरी आली तेव्हा लेक पिशवी भरत होता. सून मोरीत होती, पाण्याचा आवाज येत होता.

"झालं का गं आई?"

"नाही."

"किती कमी पडल्या?"

"पाचशे त्रेसष्ट."

त्यानं मोजे गुंडाळून पिशवीच्या कोपऱ्यात कोंबले. "हिनं तरी केली ना सही?"

मोरीतलं पाणी बंद झालं. मावशीनं खुर्ची ओढली, सुजलेले पाय पुढे सोडले.

"केली की," ती म्हणाली. "पहिली तिचीच होती."