काचेवरचे ठिपके

काचवाल्याबद्दल शिंप्याला विचारून फारसा उपयोग नव्हता. दोघांच्या घरांत एकच समाईक भिंत, जन्म गेला शेजारात. पण त्याला भाऊ किती, शाळा कुठवर झाली, रात्री झोप लागते की नाही, हे शिंप्याने कधी विचारलं नाही आणि त्यानेही कधी सांगितलं नाही. शिंप्याला माहीत होते ते त्याचे हात, बोटाबोटांवर बारीक पांढरे वण असलेले. काच पुसून झाली की तो गाल तिला जवळजवळ टेकवायचा आणि तिरक्या नजरेने डाग शोधायचा. त्याने बसवलेल्या काचांवर लोक नाक आपटून घेत. ही तक्रार कानावर आली की स्वारी खूश.

त्याची बायको कमरेखालून लुळी पडली तेव्हा त्याने मागच्या खोलीची भिंत फोडली. पलीकडे मोकळं मैदान होतं, झाडं होती. जमिनीपासून छतापर्यंत एकच अखंड काच त्याने बसवली आणि पलंग तिच्यासमोर लावला.

"जन्मभर लोकांची घरं उजळलीत, आज माझी पाळी आली म्हणायची," ती म्हणाली. "त्यासाठी मला आडवं व्हावं लागलं, एवढंच."

तो नुसता हसला.

चार-पाच दिवसांनी भिंतीपलीकडून धप् असा आवाज शिंप्याने ऐकला. काचवाला कामावर गेला की दुपारी वहिनींना चहा नेऊन द्यायचं काम शिंप्याकडे होतं. तो गेला तेव्हा तिने काचेकडे बोट केलं. "भाऊजी, बघा हो, अजून जीव आहे त्यात."

बाहेर फरशीवर एक मूठभर पक्षी पडला होता. चोच उघडत होता, मिटत होता. शिंपी वळसा घालून पोचेपर्यंत ती उघडी राहिली ती राहिलीच.

मग हे रोजचंच झालं. बाहेरून त्या काचेत झाड दिसायचं, आभाळ दिसायचं, आणि पक्षी त्या झाडावर बसायला यायचे, थेट तिच्या तोंडावर. शिंपी कुणाकडे मापं घ्यायला गेलेला असला, तर उरलेला दिवस ती आणि तो पक्षी समोरासमोर. मुंग्या लागायच्या. तिला कूसही वळवता यायची नाही.

काचवाल्याने काळ्या कागदाची घार कापून चिकटवली. पक्षी घारीला वळसा घालून शेजारी आदळले.

"तुझी घार शाकाहारी निघाली रे," शिंपी म्हणाला, आणि तिघंही हसले. त्या घरात तिघं एकदम हसल्याचं शिंप्याला आठवतं ते एवढंच.

पडदा लावून पाहिला. दोन दिवस ती पडद्याकडे बघत पडून राहिली. मग म्हणाली, "असंच करायचं तर भिंत काय वाईट होती?" आणि थोड्या वेळाने, "अहो, सगळ्या काचेवर ठिपके काढा. बाहेरच्या बाजूने. मध्ये पंजा मावणार नाही इतके जवळजवळ. घारीच्या बाजूला वाट मोकळी दिसते, म्हणून घुसतात ते."

"गोवर आल्यासारखी दिसेल काच."

"दिसू दे. तुम्ही संध्याकाळी येता, सुपलीत भरून टाकता, झालं तुमचं. दिवसभर बघते ती मी."

"बघतो."

बघतो म्हणाला आणि बघत राहिला. पांढऱ्या रंगाचा डबा आणला, पण त्याचं झाकण काही उघडलं नाही. शिंप्याने टोकलं, "अरे, मी रोज कापडावर खडूने खुणा करतो. कापड काही मरत नाही."

"तुझ्या खुणा धुतल्या की जातात," काचवाला म्हणाला. "तिला बाहेरचं दिसावं म्हणून भिंत फोडली मी. आता त्यावर मीच डाग पाडू?"

यात बायकोची माया किती आणि कारागिराचा हट्ट किती, ते शिंप्याला उमगलं नाही. त्याचं त्याला तरी उमगलं होतं का, कोण जाणे.

एका सकाळी थवाच आला. एकामागून एक धपाधप. ती ओरडली, हात हलवले, उशी फेकली, आणि त्यांना हाकलायला पुढे झुकता झुकता पलंगावरून खाली गेली. शिंपी धावला तेव्हा तिचं कपाळ काचेला टेकलेलं होतं आणि पलीकडे, नाकासमोर, एक पक्षी फडफडत होता.

"मला राहू द्या हो भाऊजी. आधी त्याला उचला."

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात छातीत कफ धरला, आणि ती परत आली नाही.

आलेगेले पांगल्यावर काचवाल्याने रंगाचा डबा उघडला. मेहुणी अजून होती. ती दारातून म्हणाली, "ताई होती तेव्हा हात धजला नाही. आता कुणासाठी सजवताय?"

शिंप्याने टेप धरून ओळी आखून दिल्या, आणि काचवाला कुंचल्याने एकेक ठिपका ठेवत गेला. आत पलंग तसाच, गादी गुंडाळलेली. ठिपके वरपर्यंत पोचले आणि आवाज थांबला. इतका थांबला की शिंप्याला भिंतीपलीकडची शांतता नकोशी झाली.

पुढे काचवाल्याला एकट्याने त्या घरात राहवेना. घर भाड्याने देऊन तो दूर पुतण्याकडे गेला. भाडेकरूने पहिल्याच रविवारी ब्लेडने सगळे ठिपके खरवडून काढले. "एवढी झकास काच, कुणी हो घाण करून ठेवली?" त्याने शिंप्याला विचारलं. शिंप्याने सांगून पाहिलं, पण भिडस्त माणूस, दोन वाक्यांत अडखळला. भाडेकरू "हो का?" म्हणाला आणि आत गेला. दोन दिवसांनी भिंतीपलीकडून धप् झालं. शिंप्याने मशीन थांबवलं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू केलं.

काचवाल्याला हे कळवावं की नाही, हे ठरवण्यातच त्याचे महिने गेले. मग पुतण्याचाच फोन आला की काका गेले.

दोघांचं शेवटचं बोलणं झालं होतं ते काचवाला घर सोडून निघाला त्या दिवशी, दारात. गाडी येऊन थांबली होती.

"प्रवासात झोप लागली तर पिशवीचा पट्टा हाताला गुंडाळून ठेव," शिंपी म्हणाला.

"बरं."

"पोचलास की कळव."

"कळवतो. तू जा आत. मशीन चालूच ठेवून आलायस."