दिव्यानीने सोडलेलं नागपूर

दिव्यानी निखाडेला नागपूर बेस मिळाला, ही बातमी तिच्या आईने, आशाबाईंनी, सकाळी दहाच्या आत ऊर्जानगर या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या तीन इमारतींत पोहोचवली. दिव्यानीने मात्र कंपनीला अजून होकार कळवला नव्हता. मुदत संध्याकाळी पाचची होती.

वैमानिकाचा बेस म्हणजे त्याची ड्युटी जिथून सुरू होते आणि जिथे संपते ते शहर. चार वर्षांपूर्वी पसंती विचारली गेली, तेव्हा दिव्यानीचं नाव ज्येष्ठतेच्या यादीत शेवटी होतं. वरच्यांनी पुणे, हैदराबाद उचललं. उरलं ते कोलकाता हिला मिळालं. यंदा नागपूरला नवा बेस निघाला आणि तिने पहिल्याच दिवशी अर्ज टाकला. त्यानंतर महिन्याभराने कोलकात्यात कॅप्टनच्या जागा निघाल्या. ती सहवैमानिक होती, आणि तिथे तिची कॅप्टन होण्याची पाळी सहा-आठ महिन्यांवर आली होती. नागपूरला कॅप्टनच्या चारच जागा, चारही भरलेल्या. शिवाय एकदा बेस बदलला की दोन वर्षं हलता येत नव्हतं.

"नंबर लागला ना? मंग घेऊन टाक," आशाबाई म्हणाल्या. "आपण तळमजल्याचं क्वार्टर नाकारलं, तं नाव यादीत पार खाली गेलं. सहा वर्ष तुह्या बाबानं तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर चढवलं."

"नाकारलं कोणं? डास येतात म्हणे!" पेपरमागून बाबा, गुणवंतराव, बोलले. वीज केंद्रातली त्यांची फर्स्ट शिफ्ट नुकतीच सुटली होती.

"आई, नागपूर घेतलं तं दोन वर्ष मी उजव्याच सीटवर," दिव्यानी म्हणाली. "कॅप्टन डाव्या सीटवर बसते."

"पण घरी तं राहशील!"

"घरी कुठी? स्टँडबाय असलं की फोन आल्यावर तासाभरात विमानतळावर पाहिजे. इथून तीन तास लागते. खोली नागपूरलेच करावी लागन."

वीज केंद्राची बस जशी माणसं नेते-आणते, तशी मुलगी रोज जाऊन-येऊन करेल, असं आशाबाई महिनाभर धरून चालल्या होत्या.

"मंग कॅप्टन झाल्यावर मागशील नागपूर?"

इथे थाप मारणं सोपं होतं. "मागन," दिव्यानी म्हणाली, "पण नवा कॅप्टन कॅप्टनांच्या यादीत सगळ्यात खाली. पाच वर्ष लागतील. जास्तही."

"येवढं माहीत असून सोडून राह्यली?"

"हो. अडीच हजार तास झाले मले विमान उडवून. आता त्याची जबाबदारी मले पाहिजे."

पावणेपाचला तिने मोबाइलवर नकार कळवला. पोच आली, ती तिने आईला दाखवली.

"बरं केलं," गुणवंतराव म्हणाले.

"तुमाले काय जाते बरं म्हणाले? तिथी ताप आला तं कोण पाहीन तिले?" आशाबाई आत गेल्या. भांडी जरा जास्तच वाजली. मग दारातून त्यांनी विचारलं, "तुह्या कोलकात्याच्या खोलीत दोघीजणी मावतात काय?"

"मावतात."

"मंग माहं तिकीट काढ. तू कॅप्टन होतपर्यंत राहतो तिथी. अन् रेल्वेचंच काढजो, विमानाचं मले भेव वाटते."

दिव्यानीने लगेच गाडी पाहिली. वरचा बर्थ मिळत होता. आशाबाईंना खालचाच पाहिजे होता.