तिसऱ्या, मोती आणि गुहागरच्या बाईंचा प्रश्न

आधी दुरुस्ती. बुरोंडीवरच्या मागच्या लेखात मी लिहिलं होतं की किनाऱ्यावरचे कुत्रे तिसऱ्या (खाडीतले छोटे शिंपले) शिंपलीसकट पचवतात, आणि माझी आत्या तिच्या मोती कुत्र्याला कालवणातल्या तिसऱ्या तशाच घालायची. हे चूक आहे. कृपया असं करू नका.

तो लेख वाचून गुहागरच्या एका बाईंनी त्यांच्या शेरूला तशाच तिसऱ्या घातल्या. शिंपलीचा तुकडा आतड्यात अडकला, ऑपरेशन करावं लागलं. शेरू वाचला. बाई रागावल्या नाहीत. पत्ता देऊन एवढंच विचारलं, "तुम्ही हे स्वतः पाहिलं होतंत का?" मला खात्रीनं सांगता येईना. म्हणून शनिवारी स्कूटर काढली.

रत्नागिरीहून जयगड, तिथून फेरीबोटीनं तवसाळ. तिकीट किरकोळ आहे, पण सुट्टे जवळ ठेवा. पुढे गुहागरपर्यंत रस्ता सुपारीच्या बागांमधून जातो. बाईंची गल्ली दिसली. मी हेल्मेटची काचसुद्धा वर न करता पुढे गेले. धोपाव्याच्या फेरीबोटीवर खलाशी ओरडला, "ताई, स्टँड नीट लावा! खाडी काय तुमच्या वळखीची नाय!" दाभोळला उतरून दुपारपर्यंत बुरोंडी.

आत्या अंगणात तिसऱ्या धूत होती. मे महिन्याच्या सुट्टीत मी याच अंगणात बसायचे. विळीवर शिंपल्या उघडल्याचा तो टक् आवाज, माडांखाली वाळणारी जाळी, आणि मोतीची शेपटी माझ्या पाठीवर आपटत असायची.

"काय गो, न कळवता? लग्नबिग्न ठरलं का?"

"नाही गं आत्या. मोतीला तू तिसऱ्या कशा घालायचीस?"

"हे इचारायला एवढ्या लांबून आलीस? खुळी."

पण तिनं करून दाखवलं. तोंड वासलेली शिंपली टिचकी मारूनही मिटत नसेल तर मेलेली, ती आधीच फेकायची. बाकीच्या साध्या पाण्यात उकडायच्या. कालवणात कांदा-लसूण पडायच्या आत कुत्र्याचा वाटा काढायचा. त्यात मीठसुद्धा नाही.

"उकडून जी उघडली नाय ती टाकायची. कुत्र्यालाच काय, माणसालाही नाय घालायची." तिनं मांस शिंपलीतून सोडवून धुतलं, बोटांनी वाळू चाचपली. कच्चं कधीच द्यायचं नाही. कोळंबी असेल तर डोकं, साल, शेपूट आणि पाठीतला काळा दोरा काढायचा. पहिल्यांदा नखाएवढा तुकडा, मग दोन दिवस बघायचं. (आजारी किंवा औषधं चालू असलेल्या कुत्र्यासाठी आधी डॉक्टरांना विचाराच.)

"मग शिंपलीसकट कोण घालायचं? मला तर तसंच आठवतंय."

आत्या हसली. "तू. तुझ्या ताटातल्या, मी पाठ फिरवली की. एकदा मोती दोन दिवस कुथत होता."

"मला बोलली नाहीस?"

"बारकी होतीस गो. जीव होता तुझा त्याच्यावर. मग मी तुझ्या ताटात सोललेल्याच वाढायला लागले."

मला मात्र वाटायचं, लाडकी म्हणून मला सोललेल्या मिळतात.

परततानाही गुहागरला थांबले नाही. घरी आल्यावर जुन्या लेखाच्या सुरुवातीलाच ही दुरुस्ती लावली. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे: हो, पाहिलं होतं, आणि घालणारी मीच होते. हे मोबाईलवर लिहून भागणार नाही. रविवारी घरी आहात का, एवढंच बाईंना विचारलं. त्या "या" म्हणाल्या. येत्या रविवारी, सकाळच्या पहिल्या फेरीनं जाते आहे.