कोरडे हरभरे

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. नंतर शांतपणे लिहीन म्हटलं तर मी स्वतःला वाचवत वाचवत लिहीन.

गेल्या हिवाळ्यात कुवेतचं युद्ध सुरू झालं तेव्हा आम्ही सौदीत, सीमेजवळच्या हफ्र अल बातिन गावाच्या कडेला, बाबांच्या कंपनीच्या क्वार्टर्समध्ये होतो. शाळा बंद, मी दिवसभर गच्चीवर. एका सकाळी बघते तर कुंपणापलीकडे घोडे. एक काळा घोडा, तीन घोड्या, एक शिंगरू. बाबा म्हणाले, सीमेपलीकडच्या कुठल्यातरी तबेल्यातून सुटलेले असणार, मालक पळाला असेल. माणसाला मात्र ते जवळ येऊ देत नव्हते.

मग मी रोज बघायचे. तांबडी घोडी पुढे, शिंगरू तिच्या पोटाशी, काळा सगळ्यात मागे, रेंगाळेल त्याला ढोसत.

"बघा," आई बाबांना म्हणाली, "सगळ्यांना पुढे घालून मागून येतो. नाहीतर तुम्ही. आधी गाडीत बसून हॉर्न वाजवता."

विमानं गेली की सगळे शिंगराला मध्ये घेऊन उभे राहायचे, गार वाऱ्याकडे पाठ करून. हळूहळू त्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या. आणि मला सुचलं, हरभरे. घोडा म्हटलं की आपल्याला दुसरं काही सुचतं का? युद्धासाठी म्हणून आईने पोतं भरून ठेवलंच होतं.

"रात्रभर भिजव," आई म्हणाली. "आणि थोडेच दे. उपाशी पोटं आहेत ती."

"अगं, पण भूक आत्ता लागलीये त्यांना."

"हो का? मग जा, पंगतच वाढ."

तिची पाठ वळल्यावर मी खरंच गेले. अख्खी बादली, कोरडीच, कुंपणाखालून सरकवली. काळ्याने हुंगलं आणि बाजूला झाला. तांबडीने जवळजवळ सगळी एकटीने संपवली. मला इतका आनंद झाला होता.

दुपारी ती जमिनीवर लोळत होती. पोट टम्म फुगलेलं. आमचा वॉचमन पठाण, त्याच्या गावी घरचे घोडे. त्याने विचारलं, "क्या खिलाया?"

"चना."

"सूखा?"

मी मान डोलावली. तो रागावला नाही, तेच वाईट वाटलं. म्हणाला, "इसको चलाना पड़ेगा. लेटने दिया तो मर जाएगी."

पण चालवणार कोण? तो आणि बाबा दोरी घेऊन बाहेर गेले, तर काळा कान मागे पाडून अंगावर आला. दोनदा. बाबांनी गावातल्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला, तो कधीच दम्मामला निघून गेलेला. मी कुंपणाची जाळी धरून उभी. काळाच तिला नाकाने ढोसत होता. ती दोनदा उठली. तिसऱ्यांदा नाही उठली.

"खलास," वॉचमन हळूच म्हणाला.

शिंगरू तरी तिच्या पोटाशी तोंड घालत होतं. ऊन उतरल्यावर बाकीचे निघाले, पण पुढे कोणी होईना. शेवटी काळा पुढे झाला, चार पावलं जाऊन परत आला, शिंगराला दातांनी मानेला धरून उठवलं, आणि ढोसत नेलं. ते वळून वळून बघत होतं.

"तू सांगितलं होतंस," मी आईला म्हटलं.

"सांगितलं. पण तू ऐकणार नाहीस हे माहीत होतं ना मला. मीच तुझ्या मागे यायला हवं होतं."

नंतर ते दिसले नाहीत. शिंगरू अजून दूधच पीत होतं, त्याचं काय झालं असेल ते मला कोणी सांगू शकत नाही.

तुमच्या हातून झालंय का असं? अगदी मायेने, घाईघाईने काही दिलंत, आणि मग नुसतं बघत उभं राहावं लागलं?