दाजींचा चांगला सीझन

माझे दाजी, म्हणजे ताईचा नवरा, फोटोग्राफर. चौकातला स्टुडिओ त्यांचा. लग्नांचा सीझन, शाळांचे ग्रुप फोटो आणि बाकी वर्षभर पासपोर्ट साइझ, यावर घर चाललं. स्वप्न मात्र एकच, आफ्रिकेत जाऊन सिंहाचा फोटो काढायचा. पैसे साठले, दोघांचे पासपोर्ट निघाले, आणि घोडं अडलं ते सीझनवर.

कोरड्या महिन्यांत गवत बसतं, जनावरं पाणवठ्यावर गोळा होतात, पण धूळ फार. पावसानंतर हवा स्वच्छ, पिल्लं नवी, पण गवत एवढं माजतं की हाताच्या अंतरावरचा सिंह दिसू नये. मधल्या महिन्यांचा भरवसा नाही. बाराही महिने नापास केलेत, आता तेरावा कुठून आणणार, असं मी तोंडावर विचारलं. फोटोग्राफरला थांबता आलं पाहिजे, म्हणाले. थांबणारी ताई होती, यांचं काय जात होतं?

तिला मनापासून जायचं होतं. घर आणि स्टुडिओ सोडून ती कुठं गेलीच नव्हती. पुढं तिला दमा लागला. डॉक्टरांनी सांगितलं, धूळ अजिबात नको. पावसानंतरच्या हिरव्या दिवसांत खुशाल जा. चला, निवड डॉक्टरांनीच करून टाकली. ताईनं माळ्यावरच्या बॅगा काढून पुसल्यासुद्धा.

दाजींनी चार दिवस कॅलेंडर उलटंपालटं केलं. मग जेवताना म्हणाले, "आयुष्यात एकदा जायचं, आणि गवताचे फोटो काढून यायचे?"

"मला गवत चालेल," ताई म्हणाली.

मी शेजारीच बसले होते. दाजींनी ठरवलं, आधी तिला बरं वाटू दे, मग चांगल्या सीझनला जाऊ. बॅगा परत माळ्यावर गेल्या. ताई बरी झाली नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली.

पुढच्या कोरड्या महिन्यांत दाजी एकटे जाऊन आले. वरातीमागून घोडं. फोटो उत्तम आलेत, खोटं कशाला बोलू? सिंह पाणी पितोय, त्याची एकेक मिशी दिसते. तो फोटो हॉलमध्ये भिंतभर लावलाय. येणारा-जाणारा विचारतो, कोणत्या सीझनला गेला होतात?

शेजारी ताईचा फोटो आहे. जन्मभर लोकांच्या बायकांना 'हनुवटी जरा खाली' म्हणणाऱ्या माणसाच्या घरात स्वतःच्या बायकोचा धड फोटो सापडला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शेवटी पासपोर्टसाठी काढलेलाच मोठा केला. चेहरा फुटून धूसर झालाय. आणि त्या फोटोत हसायचं नसतं, म्हणून बोलता बोलता हसणारी माझी ताई तिथं मख्खपणे बघत असते. मला त्या भिंतीचा राग येतो.

परवा विचारलंच मी, हिचा एक तरी हसतानाचा फोटो का काढला नाहीत?

दाजींनी चष्मा काढून पुसला. "सीझनमध्ये वेळ नसायचा," म्हणाले. "आणि सीझन नसला की वाटायचं, ही कुठं जातेय."