खरेदीला सोबत न्यायचा माणूस

आमच्या उदगिरात कुणाला काही महागाचं घ्यायचं असलं की आधी चन्नबसप्पा अण्णांना विचारतात, पैशाची जुळवाजुळव मागनं. मिक्सर असो, शिलाई मशीन असो, पोरीच्या लग्नाचं कपाट असो. "अण्णा, सोबत या," म्हणलं की अण्णा टोपी घालून तयार. फी काय, तर एक कप चहा, तोही साखर कमी. मी अमरेश. त्यांच्या घराला लागून माझं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळं प्रत्येक खरेदीचा वृत्तांत आधी मला ऐकावा लागतो, मग गल्लीला.

अण्णांची उभी हयात मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेली, एका आडतीवर. तुरीचा दाणा दाताखाली धरला की माल कुठला, भाव काय, सगळं सांगायचे. त्या काळी मोंढ्यात भाव तोंडानं बोलत नसत. दोघांनी हात मिळवायचे, वरून रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून सौदा ठरवायचा. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागायचा नाही. अण्णांच्या बोटांना भलेभले व्यापारी वचकून असत म्हणे. आडत सुटली तरी नाव राहिलं. ना शेत, ना प्लॉट. भाव कळणारा माणूस, एवढीच त्यांची इस्टेट.

गेल्या उन्हाळ्यात रत्नम्मा आली. बसस्टँडमागं तिची खानावळ हाय, नवरा गेल्यापासून एकटीच चालवते. तिचा जुना फ्रिज बंद पडला, सकाळचं वरण दुपारपर्यंत आंबायला लागलं आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करायला लागलं. भिशी उचलून बाई थेट अण्णांच्या ओट्यावर. "अण्णा, मला त्यातलं काही कळत न्हाई बगा. तुम्ही म्हणाल ते." झालं. अण्णांनी मलाही ओढलं, कारण बारीक अक्षर त्यांना दिसत नाही.

गावातल्या नव्या शोरूममध्ये फ्रिजवर हा मोठा कागद. एकोणपन्नास हजार पाचशे, त्याच्यावर लाल काट, खाली एकतीस हजार नऊशे नव्वद. आणि दारावर बोर्ड, आज शेवटचा दिवस. रत्नम्मा घाबरली. "अण्णा, शेवटचा दिवस हाय म्हणं. घेऊन टाकू का?" अण्णा हसले. "मोंढ्यात शेवटचा दिवस कधी आला न्हाई बाई. चार दुकानं फिरल्याबिगर वस्तू घ्यायची न्हाई."

मग निघाली आमची वरात. अण्णांची पंचाहत्तरी झालेली, त्यांना एसटी फुकट. बाईला अर्धं तिकीट. पुरं तिकीट लागलं ते मला एकट्याला. लातूरला तसाच फ्रिज. कापलेला भाव त्रेपन्न हजार, खाली एकतीस हजार नऊशे नव्वद. पुढच्या आठवड्यात नांदेड. ऊन असलं की डांबर चपलेला चिकटावं. तिथं कापलेला भाव सेहेचाळीस हजार नऊशे, आणि खाली पुन्हा तेच एकतीस हजार नऊशे नव्वद. वर तिथला माणूस मलाच शिकवतो, की हे मॉडेल निराळं हाय, दुसऱ्या दुकानाशी जोडून बघता येणार नाही. डोकं फिरलं माझं. रत्नम्मा बिचारी खानावळ बंद ठेवून आमच्या मागं हिंडत होती.

परतीच्या गाडीत अण्णांनी बोटांवर तिन्ही गावचे भाव मोजले. मग म्हणाले, "अमरेश, कापलेला भाव तीन गावात तीन. उरलेला एकच. मग कापलं काय रे?"

"आपला खिसा," मी म्हणालो. त्यांना हसू आलं नाही.

उदगीरच्या शोरूमवर अजून शेवटचा दिवसच चालू होता. सेल्समनच्या छातीवर नाव होतं श्रीशैल. मी नाव वाचून दाखवल्यावर अण्णांना धीर आला, आपल्यातलंच पोरगं म्हणून. "बाळा, ह्या वरच्या भावानं एकाला तरी विकलास का? एक पावती दाखव मला."

श्रीशैल ओशाळून हसला. "काका, सिस्टीममध्ये तसंच येतंय. माझ्याकडं काही न्हाई." खोटं बोलत नव्हता तो. मला त्याचीही कीवच आली.

मग अण्णांनी त्यांचा हुकमी डाव टाकला. "राहू दे मग," म्हणाले आणि पायऱ्या उतरले. आता दुकानदारानं मागून हाक मारायची, "ओ अण्णा, या, तुमच्या मनासारखं करू," हा आजवरचा रिवाज. इथं काचेचं दार आपोआप लागलं. अण्णा खाली उन्हात पाठमोरे उभे, हाक आली की वळायचं म्हणून. आत रत्नम्मा फ्रिजच्या दारावर हात ठेवून त्यांच्याकडं बघून राहिली होती. श्रीशैल दुसऱ्या गिऱ्हाइकाला टीव्ही दाखवायला गेला. मला वाटलं बाहेर जावं, त्यांना आणावं. पण काय तोंडानं आणू?

शेवटी ते आपले आपणच वर आले. श्रीशैलजवळ गेले, उजवा हात पुढं केला आणि खांद्यावरचा रुमाल त्यावर टाकला. डोळे मिटले. "बोल," म्हणाले हळूच.

त्यानं रुमालाकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं आणि रुमालासकट तो हात धरून जोरजोरात हलवला. "थँक्यू काका. बिल करू ना?"

अण्णांनी रुमालाची घडी केली. "कर," म्हणाले.

बिलाच्या खाली छापून आलं, तुमची बचत सतरा हजार पाचशे दहा. रत्नम्मानं ते माझ्याकडून वाचून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की अण्णांनी सतरा हजार पाडले. फ्रिजला विभूती लावून ती पेढे घेऊन आली. अण्णा म्हणाले, "बाई, मी एक रुपया पाडला न्हाई. तो भाव कधी नव्हताच."

"तुमचं नेहमीचंच हाय अण्णा. आपल्या तोंडानं कधी सांगणार न्हाई तुम्ही."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. कधी नव्हे ती हसत होती बाई. मी पेढा तोंडात टाकला.

तेव्हापासून रांग वाढली. कुणाला कूलर, कुणाला वॉशिंग मशीन. आणि हा माणूस प्रत्येकासोबत जातो, दाराजवळच्या खुर्चीत बसून राहतो, भावाचं नावही काढत नाही. परवा गल्लीतल्या दयानंदला टीव्ही घ्यायचा होता. अण्णा टोपी घालून निघाले तेव्हा मला राहवलं नाही.

"कामून जाता हो अण्णा? तिथं तुम्हाला कुणी हिंग लावून विचारत न्हाई. सांगून टाका की लोकाला, मला आता भाव कळत न्हाई म्हणून."

"सांगतो की. पटत न्हाई त्यांना." ते चपला घालायला वाकले. "त्या दुकानात माणूस एकटा गेला की लई भ्या वाटतं रे त्याला. सोबत पाहिजे कुणीतरी."

बाहेर दयानंदनं हॉर्न दिला. अण्णा भिंतीला धरून उभे राहिले.

"मला तर दोघं असलो तरी वाटतं," म्हणाले, आणि गेले.